बाबांना फिश ऑइलच्या गोळ्या द्यायच्या का?

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू आहे. केमिस्टने फिश ऑइलची बाटली गळ्यात मारली, १००० मिग्रॅ, रोज एक. आई म्हणते, घरात तारल्या शिजतात, हे चोचले कशाला?

मालवणी_काकू : आईचं ऐक. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाच. पुढचे १००० म्हणजे अख्ख्या तेलाचं वजन. कामाची ती ईपीए नि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं, साध्या गोळीत बहुधा १८० नि १२० मिग्रॅ, बस. २०१८च्या व्हायटल चाचणीत जवळपास २६ हजार लोक होते. निम्म्यांना रोज १ ग्रॅम ओमेगा-३ दिलं, तरी हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकत्रित आकड्यात ठळक फरक नाही.

नाशिककर : मग रिड्यूस-इट चाचणी? तीही २०१८चीच. हार्ट अटॅकसारख्या घटनांत २५ टक्के घट!

मालवणी_काकू : ते शुद्ध ईपीए, दिवसाला ४ ग्रॅम, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध. केमिस्टची बाटली नव्हे. तुलनेच्या गटाला मिनरल ऑइल दिलं, त्यावर वाद झालाच. शिवाय हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा २१० चा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांनाच विचार.

नाशिककर : आम्ही शाकाहारी. जवसाची चटणी चालेल?

मालवणी_काकू : खा की, चविष्ट असते. पण जवसातल्या एएलए या ओमेगा-३चं ईपीए शरीर थोडंच बनवतं, डीएचए त्याहून कमी. शेवाळापासूनचं डीएचए मिळतं.

आणि हो, तारल्या तेलात बुडवून तळू नका. तिरफळं घालून तिखलं करा.