दुबईच्या वाळूत क्वाड बाईक: गाईडसोबतची राइड घ्यायची तर काय बघावं?

चहाबाज_ठाणेकर

दिवाळीच्या सुट्टीत दुबईला चाललोय. आम्ही दोघं, मुलगा (वय १३) आणि सासूबाई. वाळूच्या टेकड्यांवर क्वाड बाईक चालवायची हौस आम्हा तिघांनाही आहे. सफारीच्या पॅकेजमध्ये ‘क्वाड बाईक, जादा पैसे’ अशी एक ओळ आहे. दुसरीकडे नुसत्या क्वाडची गाईडसोबतची टूर मिळते, तासाची किंवा दोन तासांची, आणि तिचे दर बरेच वर आहेत. दोन्हींत नक्की फरक काय?

आम्ही नागावच्या किनाऱ्यावर एटीव्ही (म्हणजे चार जाड चाकांची क्वाडच) चालवली आहे. नवरा रोज बुलेटवर ऑफिसला जातो, त्यामुळे त्याचं म्हणणं, ‘त्यात शिकायचंय काय?’ एजंट म्हणतो, मुलाला मागे बसवा, सगळे बसवतात. ते मात्र माझ्या मनाला पटत नाहीये. तिथे राहणारं कुणी आहे का इथे?

निवांत_भटक्या

आम्ही सफारीतलीच घेतली होती. वाळूत शिरायच्या आधी गाड्या टायरची हवा कमी करायला थांबतात, तिथेच कुंपण घातलेली जागा असते. वीसेक मिनिटं गोल गोल फिरायचं, फोटो काढायचे, झालं. पोरं खूश. जादा पैसे कशाला घालवताय? त्याच थांब्यावर एक जण येऊन प्रेमाने डोक्याला अरबी रुमाल बांधतो आणि मग किंमत सांगतो, तेवढं सांभाळा.

मिरजेचा_शारजाकर

ताई, मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात वर्कशॉपमध्ये आहे. फोर-बाय-फोर, क्वाड, बग्गी, सगळं येतं आमच्याकडे. हिवाळ्यात सुट्टी संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर ट्रेलरची रांग असते. हँडल वाकलेलं, पुढचं कॅरिअर चेपलेलं, मडगार्ड गायब. म्हणजे गाडी पलटी झालेली. गिऱ्हाईक सांगतं, ‘पार्किंगमध्ये भिंतीला लागली.’ बरं बाबा, लागली असेल.

निवांतराव म्हणतात ते कुंपणातलं क्वाड वाईट नाही, पण ती जत्रेतली चक्कर आहे. सपाट जागा, गाईड नाही, शिकवणं नाही, आणि समोरून कोण कुठून येईल याला धरबंध नाही. नागावला चालवली असेल तर त्यात नवीन काही मिळणार नाही. तुम्हाला टेकड्या हव्यात, तर गाईडवाली टूरच घ्या.

या टूर बहुतेक लहबाब किंवा बदायरच्या लाल वाळूत जातात. दुबई-हत्ता रस्त्याने शहरातून पाऊण ते एक तास. वाळूत लोहाचं ऑक्साइड आहे म्हणून तो रंग. बदायर शारजाच्या हद्दीत येतं आणि तिथली मोठी टेकडी, जिला सगळे बिग रेड म्हणतात, ती शंभरेक मीटर उंच आहे. सुट्टीच्या दिवशी तिकडे फिरकू नका. २०२२ पासून दुबईची सुट्टी शनिवार-रविवार आणि शारजाची शुक्रवार ते रविवार आहे. त्या दिवसांत स्वतःची मशीन घेऊन आलेली पोरं सातशे सीसीच्या क्वाडवर कुठूनही उडतात. मंगळवार-बुधवार बघा, तोही सकाळचा स्लॉट.

सकाळी का, तर रात्रीच्या दवाने वाळू जरा धरलेली असते. आणि ऊन तिरपं असतं, त्यामुळे प्रत्येक टेकडीची सावली पडते, उतार कुठे तुटतो ते डोळ्याला दिसतं. दुपारी बाराला सगळं एकाच रंगाचं सपाट दिसतं. खड्ड्यात पुढचं चाक गेल्यावरच खड्डा होता हे कळतं. संध्याकाळचं ऊनही चांगलं, पण नोव्हेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि उशिराच्या ग्रुपला गाईड घाईत परत आणतो.

आता मुख्य गोष्ट. टेकडीची जी बाजू वाऱ्याकडे असते ती लांब उताराची आणि दाबून घट्ट झालेली असते. पलीकडची बाजू एकदम तुटते, ३२ ते ३४ अंशांत, आणि तिथली वाळू भुसभुशीत. मध्ये असते ती धार. तुम्ही घट्ट बाजूने गॅस देत चढता, समोर फक्त आभाळ दिसतं. पलीकडे काय आहे हे वरून बघितल्याशिवाय कळत नाही. तिथे दरीसारखा उतार असू शकतो, अडकलेली गाडी असू शकते, समोरून चढणारा कुणी असू शकतो. म्हणून गाईड आधी जातो, धारेवर थांबतो, बघतो, मग हात करतो. तो हात दिसेपर्यंत मागच्याने खालीच थांबायचं. आणि त्याच्या चाकाच्या खुणेतूनच जायचं, दोन मीटर बाजूने नाही. आमच्याकडे येणाऱ्या वाकड्या हँडलांचा हिशेब बहुतेक इथेच लागतो. वारा रोज धार हलवतो, त्यामुळे ‘काल इथून गेलो होतो’ याला अर्थ नाही.

नागावच्या ओल्या वाळूत यातलं काहीच नसतं, तिथे नुसता गॅस आणि हँडल.

तुमच्या मिस्टरांना एवढं सांगा: क्वाड ही बुलेट नाही, आणि बुलेटवाल्यांनाच इथे जास्त त्रास होतो. बाईकवर तोल गेला की पाय खाली टेकवायची सवय असते. क्वाडवर पाय खाली टेकवला तर मागचं चाक त्याच पायावरून जातं. पाय फूटरेस्टवरच, काहीही झालं तरी. दुसरं, बाईक वळताना आपोआप कलते, क्वाड कलत नाही. हँडल वळवायचं आणि आपलं अंग आतल्या बाजूला टाकायचं, नाहीतर ती बाहेरच्या बाजूला उलटते. आडव्या उतारावरून जाताना अंग चढाकडे. चढताना पुढे झुकायचं, उतरताना मागे सरकायचं, सरळ रेषेत उतरायचं आणि पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही.

चढावर मध्येच गाडीचा दम तुटला, तर वळून खाली यायचा मोह होतो. वळायचं नाही. गाडी आडवी झाली की गडगडलीच. ब्रेक धरून गाईडची वाट बघायची, तो सरळ मागे घेतो. अडीच-तीनशे किलोचं धूड असतं ते, अंगावर आलं तर वाळू मऊ आहे म्हणून वाचत नाही कुणी.

मुलाचं तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे. मोठ्या क्वाडच्या टाकीजवळ नाहीतर मडगार्डवर स्टिकर असतो, १६ वर्षांखालच्यांनी चालवू नये आणि पाठीमागे कुणाला बसवू नये. सीट लांब असते म्हणून लोकांना वाटतं दोघांची आहे. ती लांबी एकट्यालाच पुढे-मागे सरकायला दिलेली आहे. मागे माणूस बसला की वजन मागे जातं, पुढची चाकं चढावर हलकी होतात, आणि तुम्हाला हलायला जागाच राहत नाही. एजंटला काय, त्याला एक भाडं वाचवून दोन माणसं खूश करायची आहेत.

आपलं_मत

अहो, एवढं घाबरवू नका लोकांना. हजारो टुरिस्ट रोज करतात. आम्ही चौघांनी दोन क्वाडवर केली, कुणाला खरचटलंही नाही. जैसलमेरला समच्या वाळूतही असंच चालतं.

मिरजेचा_शारजाकर

हजारो करतात, खरं आहे. मीही कुठे जाऊ नका म्हटलं? वर सगळं चालवायचं कसं तेच लिहिलंय. चौघं दोन क्वाडवर बसलात आणि गाईडने बसू दिलं, तर तो गाईड मला नको, एवढंच. नाद करायचा तर नीट करायचा राव.

चहाबाज_ठाणेकर

शारजाकर, खूप आभार. पाय टेकवण्याचं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो एकदम गप्प झाला. मग मुलाचं काय करायचं? त्याला नुसतं बघत बसवलं तर घरी येईपर्यंत तोंड फुगलेलं राहील. आणि बुक करताना फोनवर नेमकं काय विचारू?

मिरजेचा_शारजाकर

मुलासाठी बग्गी घ्या. दोन सीटची किंवा चार सीटची मिळते. तिला वरून लोखंडी पिंजरा असतो, सीटबेल्ट असतो, हँडलऐवजी स्टीअरिंग. उलटली तरी माणूस पिंजऱ्यात राहतो, फक्त हात बाहेर काढायचे नाहीत. चालवायची तुम्ही किंवा मिस्टरांनी, तो शेजारी. बेल्ट त्याला नीट बसतो का आणि पाय खाली टेकतात का, ते निघायच्या आधी बघा. तेरा वर्षांच्या पोराला बग्गीत जास्त मजा येते हे माझं मत, कारण ती उड्या जास्त मारते. काही ठिकाणी लहान मुलांची छोटी क्वाड असतात, सपाट जागेत. ती लहान भावंडांसाठी ठीक, तुमच्या चिरंजीवांना अपमान वाटेल.

फोनवर सरळ हिंदीत विचारा, बहुतेकांना येतं. पहिला प्रश्न: एका गाईडमागे किती गाड्या? चार-पाच असतील तर ठीक, दहा असतील तर मागे दुसरा माणूस आहे का? शेवटची गाडी कुठे राहिली हे पुढच्याला आरशात दिसत नाही. चांगला गाईड सगळ्यात कच्च्या चालकाला आपल्या लगेच मागे लावतो आणि त्याच्या वेगाने ग्रुप नेतो. ताई, तुम्ही स्वतःहून तिथे उभ्या राहा. सगळ्यात जास्त लक्ष तिथेच मिळतं.

दुसरा प्रश्न: ‘एक तास’ म्हणजे वाळूत एक तास की कपडे चढवून, फोटो काढून एक तास? यावर फोनवरचा माणूस अडखळला तर समजून जा.

गाड्यांवर उंच काठीचा झेंडा लावलेला हवा. टेकडीपलीकडून गाडी दिसत नाही, झेंडा दिसतो. तिथे पोचल्यावर माझ्या धंद्यातलं एक तपासा. गॅस अंगठ्याने दाबायचा असतो. दाबून सोडला की खटकन मागे आला पाहिजे, रेंगाळला तर दुसरी गाडी मागा. वाळू बसून केबल अडकते, आम्ही रोज साफ करतो. मनगटाला लावायची दोरी असेल तर लावाच, माणूस पडला की तिच्यामुळे इंजिन बंद होतं. हेल्मेट डोक्यात हलतं का बघा, आतला वास सहन करा.

कपडे म्हणाल तर फुल पँट आणि बूट. सायलेन्सर पोटरीजवळ असतो, बर्म्युडा घालून आलेल्यांना तो चटक्याची आठवण देऊन पाठवतो. ओढणी, स्टोल नको, केस बांधून हेल्मेटच्या आत. लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा, वरून गॉगल. मोबाइल चेनच्या खिशात, हातात नाही.

पॉलिसीवाला_दादर

माझ्या खात्यातलं बोलतो. ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच साध्या पॉलिसींत साहसी खेळ आणि मोटर स्पोर्ट वगळलेले असतात, किंवा वेगळं कव्हर घ्यावं लागतं. अपवादांचं पान उघडा आणि क्वाड बाईक, एटीव्ही यांबद्दल कंपनीला ईमेलवर विचारा, उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘हो मॅडम, कव्हर आहे’ क्लेमच्या वेळी उपयोगाला येत नाही. आणि तिथे सही करायला जो कागद देतात त्यात गाडीचं नुकसान झाल्यास पैसे कोण भरणार हेही असतं. सही करण्याआधी गाडीच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढा.

मिरजेचा_शारजाकर

व्हिडिओचं अगदी बरोबर. खालूनही काढा, तिथलेच पैसे जास्त लागतात.

चहाबाज_ठाणेकर

शेवटचे दोन प्रश्न. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांनी त्या वेळात काय करावं? आणि हे सगळं हरणं वगैरे असतात त्या राखीव वाळवंटात करता येतं का? म्हणजे एकाच दिवसात दोन्ही झालं असतं.

मिरजेचा_शारजाकर

राखीव क्षेत्रात नाही. दुबईचं वाळवंट संवर्धन क्षेत्र २२५ चौरस किलोमीटरचं आहे, तिथे अरबी ओरिक्स (लांब शिंगांची, पांढरी, हरणासारखी जनावरं) मोकळे फिरतात, आणि तिथे क्वाड नेऊ देत नाहीत. ते बरंच आहे. ओरिक्स बघायचे तर वेगळा दिवस ठेवा, त्या सफारीत गाडी हळू नेतात, सासूबाईंना तीच मानवेल.

क्वाडच्या दिवशी त्यांना सफारीच्या गाडीत टेकड्यांवरून नेऊ नका, मणके खिळखिळे होतात. ड्रायव्हरला आधी सांगितलं तर बऱ्याच कॅम्पांपर्यंत साध्या रस्त्याने सोडतो. खाली गालिचावर बैठक असते, खुर्ची मागून घ्या. बदायरजवळ मदामला एक जुनी ओसाड वस्ती आहे, १९७०च्या दशकात बांधलेली, घरांत खिडकीपर्यंत वाळू भरलेली. आवडत असेल तर गाडीतून तेवढं बघून येता येईल. वाटेत घाफची झाडं दिसतील, यूएईचं राष्ट्रीय झाड. ही म्हणजे आपली शमीच. त्यांना सांगा, ओळखतील.

आणि हो, पहिल्यांदा एक तासाचीच घ्या. दोन तासांत अंगठा इतका दुखतो की शेवटचा अर्धा तास लोक तळव्याने गॅस दाबतात, आणि मग ब्रेकवर बोट राहत नाही.