डेला रीस : अष्टपैलूपणापायी गाणं मागे पडलं का?

उंबरठा : काल रात्री अमेरिकन गायिका डेला रीसचं 'डोन्ट यू नो' पुन्हा ऐकलं. 1959 चं गाणं, चाल पुच्चिनीच्या 'ला बोएम' या ऑपेरामधल्या म्युझेटाच्या वॉल्ट्झवरून उचललेली. बाई शब्द अक्षरशः चावून गाते. स्वर ताणत नेते आणि शेवटचं व्यंजन टिचकी मारल्यासारखं तोडते. असा गळा असून आज नाव काढलं की पहिला प्रश्न, "ती 'टच्ड बाय अॅन एंजल' या टीव्ही मालिकेतली ना?" गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), जॅझ, पॉप, चा-चा-चा या क्यूबन नाचाच्या गाण्यांची अख्खी रेकॉर्ड, टॉक शो, मालिका... दोन नाही, सहा डगरींवर पाय! एकच काहीतरी धरलं असतं तर आज जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डच्या पंक्तीत असती, असं माझं स्पष्ट मत.

मध्यसप्तक : साफ चूक. डगरी तिनं हौसेनं निवडल्या असं वाटतं का तुम्हाला? डेट्रॉइटची ही मुलगी 13 व्या वर्षी गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनच्या ताफ्यात गायला लागली. पुढे कॉलेजात असताना आई गेली, शिक्षण सुटलं, ट्रक चालवला, लिफ्ट चालवली. अशा माणसाला 'एकच धर' म्हणणं सोपं आहे. आणि आवाज तरी कुठे बदलला? ते शब्द तोडणं नीट ऐका, चर्चमधल्या प्रवचनाचाच हिसका आहे तो. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही कळलं पाहिजे ना!

उंबरठा : पोटाचं मान्य. पण चा-चा-चा?

मध्यसप्तक : त्याची वकिली मी करत नाही :)

तिसरी घंटा : माझी तक्रार निराळी आहे. महालियाबाईंनी नाइटक्लबचे पैसे आयुष्यभर नाकारले, आणि त्यांच्याच तालमीतली पोरगी ग्लास किणकिणत असताना गाते. देवाच्या गाण्याचं वजन कमी होतंच हो त्यानं.

मध्यसप्तक : वजन जागेवर ठरतं का? मग 1958 मध्ये त्याच महालिया न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात गायल्या, जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनबरोबर रेकॉर्डही केली, त्याचं काय करायचं?

तिसरी घंटा : महोत्सव वेगळा, दारूचं टेबल वेगळं. एलिंग्टनसाठी गायल्या तेही प्रार्थनाच गायल्या. मी मागे हटत नाही.

रीळफिरक्या : दोन्ही बाजू एक गोष्ट सोडताय. 1979 मध्ये 'टुनाइट शो' या अमेरिकन टॉक शोच्या चित्रीकरणात मेंदूतली रक्तवाहिनी फुटून ती कोसळली. त्यातून उठून पुन्हा गायली. मालिका सुरू झाली 1994 ला, म्हणजे वयाच्या 63 व्या वर्षी. तिथे गाण्याचं कुठलं नुकसान झालं? तिच्या पिढीच्या पॉप गायकांना रॉकच्या लाटेनं केव्हाच बाजूला सारलं होतं. उलट त्या मालिकेचं शीर्षकगीत तिनंच गायलंय, आणि ते चक्क गॉस्पेलच्या अंगानं जातं. नऊ हंगाम घराघरात वाजलं.

उंबरठा : शीर्षकगीत तिचंच? हे खरंच माहीत नव्हतं, ऐकते आज. मत अर्धं मागे घेते. ती चा-चा-चाची रेकॉर्ड मात्र कुणाला हवी असेल तर सांगा, फुकट देते.