मदत हवी आहे: शेंगदाणे आणि गव्हाशिवाय चिवडा-चकली विकायचीय
भाचीला शेंगदाण्याची जबर अ‍ॅलर्जी आहे त्यामुळे आमच्या चिवड्यात फक्त डाळं-खोबरं पडतं, आता ओळखीचे लोक ऑर्डर द्यायला लागलेत तर म्हटलं छोटा धंदाच सुरू करावा. चकलीची भाजणी गव्हाशिवाय करते पण गिरणीत दिली की आधीचं गव्हाचं पीठ मिसळतंच ना, आणि विकतच्या हिंगात पण बऱ्याचदा मैदा असतो (डोकंच फिरलं हे वाचून!). ग्लूटेन-फ्री (ग्लूटेन म्हणजे गहू-जवातलं प्रथिन) लिहायचं तर एफएसएसएआयची (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम ग्लूटेन. घरगुती आटाचक्की घेऊन भागेल का? पुण्यात टेस्टिंग कुठे करता, खर्च साधारण किती? घरचा स्वयंपाक पण त्याच किचनमध्ये होतो, मग पाकिटावर नक्की काय लिहायचं? कोणी करत असेल तर प्लीज सांगा.