केमो चालू असलेल्या मैत्रिणींना शिवणवर्गात बोलवावे का?

प्रश्न (बचत गटाची कार्यकर्ती, सातारा जिल्हा)

नमस्कार. आमच्या महिला बचत गटाचा शिवणवर्ग गेली सहा वर्षे चालू आहे. यंदा गटातल्याच दोघींची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून त्यांपैकी एकीची केमो अद्याप चालू आहे. पूर्वी हसतखेळत कामाला येणाऱ्या या दोघी आता घराबाहेर पडत नाहीत, आणि भेटायला गेले की डोक्यावरचा पदर पुन्हापुन्हा सारखा करत “आता माझा कोणाला काय उपयोग” एवढेच म्हणतात. हाताला काम मिळाले तर त्यांचे मन रमेल असे मला वाटते. परंतु ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की आजारी बाईला कामाला जुंपू नये. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (स्वतः या आजारातून गेलेली)

जरूर बोलवा, मात्र सुईदोऱ्यापासून सुरुवात करू नका. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाने माझी बोटे इतकी बधिर झाली होती की ब्लाऊजचे हूक लावायलाही मुलीला हाक मारावी लागे. त्या दिवसांत शेजारच्या काकूंनी जाड क्रोशाची सुई आणि सुती दोरा हातात दिला. टाके मोजता मोजता विसरायला होई, म्हणून पहिला रुमाल तीनदा उसवला. तरीही दुपारचे ते दोन तास पुढच्या तपासणीचा विचार मनात येत नसे. खरा फरक पडला तो काकूंनी “संक्रांतीच्या आत सहा रुमाल हवेत” असे सांगितले तेव्हा. घरात सगळे मायेने “तू फक्त पडून राहा” म्हणत होते, आणि माझ्या कामाची कोणी वाट पाहावी ही गोष्ट मी विसरूनच गेले होते.

आणखी एक काम तुमच्याच वर्गात होण्याजोगे आहे. स्तन काढल्यावर बऱ्याच जणी ब्लाऊजमध्ये रुमालाची घडी ठेवतात. ती सरकते, आणि मग चारचौघांत हात वर करायचीही धास्ती वाटते. ब्लाऊजच्या अस्तराला आतून कप्पा शिवून त्यात सुती दोऱ्याचा विणलेला, मऊ भरण घातलेला कृत्रिम स्तन बसवला, तर तो जागचा हलत नाही. ‘निटेड नॉकर्स’ या नावाने स्वयंसेविका असे स्तन विणून विनामूल्य देतात आणि भारतातही हे काम चालते. माझ्या ब्लाऊजचा कप्पा मी स्वतः बेतला, आणि त्यानंतर दीड वर्षाने पहिल्यांदा एका लग्नाला गेले.

प्रतिसाद २ (फिजिओथेरपिस्ट)

वरील ताईंशी मी सहमत आहे. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो. म्हणून हाताने फिरवायच्या मशीनऐवजी पायमशीन द्यावे, अंगुस्तान वापरायला लावावे आणि वीस-पंचवीस मिनिटांनी खांदे फिरवून विश्रांती घ्यायला सांगावी. दर तीन आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या केमोत साधारणपणे डोसनंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि संसर्ग पटकन होऊ शकतो, त्यामुळे त्या दिवसांत गर्दीच्या वर्गात न बोलावता काम घरी पोचवलेले बरे. सुरुवातीला पैशाचा हिशेब आणि मुदतीचा तगादा, दोन्ही नकोत.

वर्गाला समुपदेशनाची जागा मात्र देऊ नका. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप उडाली किंवा जगणे नको अशी भाषा आली, तर डॉक्टरांकडे न्यावेच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची गोळी चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावे, कारण पॅरॉक्सेटीनसारख्या उदासीवरच्या काही औषधांमुळे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघींचे मनःपूर्वक आभार. आज ज्येष्ठ सभासदांना हे सारे वाचून दाखवले, आणि त्यांच्यातल्याच एकीने क्रोशाची सुई शोधून काढली. केमो चालू असलेल्या वहिनींच्या ओसरीवर आठवड्यातून एकदा आम्ही दोघीतिघीच बसणार आहोत. ताई, अस्तराच्या कप्प्याचे माप कसे घेतले आणि शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी घेतले, तेवढे कृपया लिहाल का?