शाळा 'काढली' म्हटलं तर बिघडलं काय?

पाटीवाला
परवा आमच्या गावच्या शाळेच्या शताब्दी स्मरणिकेचा मजकूर इथे डकवला होता. त्यातल्या 'गावकऱ्यांनी १९२४ साली शाळा काढली' या वाक्याखाली शुद्धमतींनी लिहिलं, "संस्था स्थापन करतात. काढतात ती दाढ. स्मरणिकेत तरी बोलीभाषा आवरा." दाढेवर हसलो, पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना. म्हणून लांबण लावतोय.

टिळक-आगरकर-चिपळूणकरांनी १८८० साली पुण्यात शाळा काढली, पुढच्या जानेवारीत 'मराठा' आणि 'केसरी' काढले. नंतर पटेना म्हणून आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला. यातल्या कुठल्या वाक्याने तुमच्या कानाला इजा झाली? 'केसरी स्थापन केला' म्हणून बघा, पुतळ्याचं अनावरण चाललंय असं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच, की 'शाळेची स्थापना झाली' यात कोणी केली हे गिळून टाकता येतं. 'शाळा काढली' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कोणी? आमच्या आजोबांची हिशोबाची वही आहे घरी. त्यात गुळाच्या ढेपांच्या हिशोबाखाली एक ओळ आहे: 'शाळा काढिली. मुले ११. फळा वाण्याकडोन उसना.' तो फळा परत गेला की नाही याची नोंद नाही. ही ओळ खोडून मी तिथे 'स्थापना' लिहू?

शुद्धमती
भावना पोचल्या. पण 'काढणे'ला जो वास आहे तो तुम्ही सोयीने विसरलात. 'हे काय नवीन काढलंस?' 'नवं खूळ काढलं.' 'भांडण उकरून काढलं.' महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज 'काढला' असं लिहून दाखवा. आणि शिवाजी महाराजांनी स्वराज्य काढलं म्हणाल? शब्दाची एक पायरी असते. आजोबांची वही घरात शोभते, कोनशिलेवर नाही.

पाटीवाला
स्वराज्याचं तोरण बांधलं म्हणतो आम्ही. त्यालाही स्थापना लागत नाही. खूळ काढण्याचा मुद्दा मात्र मान्य. अर्धा.

संत्रानगरी
तुम्हा दोघांच्या भांडणात माझा 'स्थापित' कुठे आहे? नागपूरकडे 'मंडळ स्थापित केलं' सर्रास म्हणतात. आणि कोणी म्हटलं की लगेच 'हिंदीचा प्रभाव'! संस्कृत धातू तुमचा तो मराठी, आमचा तो हिंदी?

शुद्धमती
'स्थापित' हे विशेषण आहे. 'स्थापन केले' असताना 'स्थापित केले' हा हिंदीचाच वळसा. तुमच्याकडे दुकानसुद्धा 'खोलतात', त्याचं काय करायचं?

संत्रानगरी
झालं, आलात वळणावर. १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची, मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. दोन्ही भाषा एकाच कचेरीत बसायच्या. मग बोलण्यात यायचंच. तुमच्या पुण्याच्या बोलण्यातली फारसी काढा बरं आधी, वाक्य उभं राहणार नाही.
आणि वीजकेंद्राच्या कागदावर 'स्थापित क्षमता' हाच शब्द असतो, मुंबईच्या कागदावरही. आमच्या कोराडीला कोळसा जळतो, राख आमच्या वाळवणावर पडते, वीज तुमच्याकडे जाते. तेव्हा 'स्थापित' चालतो, आम्ही बोललो की हिंदी.

घाटाखालचा
राखेचं कळलं, पण धागा क्रियापदाचा होता ना? आमच्या कोकणात दुकान घालतात. खोलत नाहीत, काढत नाहीत, टाकत तर अजिबात नाहीत. टाकतात तो कचरा.

संत्रानगरी
राख तुमच्या छपरावर पडली असती तर तुम्हीही क्रियापद विसरला असता.

पंचगंगाकाठ
टाकण्याला हसू नका. मी स्वतः हॉटेल टाकलं होतं, हायवेला. मिसळ आणि चहा. सोसायटीचं कर्ज काढून (हे पण 'काढणे', मोजा). गल्ला, फ्रीज, बाकडी, सगळं एका दिवसात आणलं. चौदा महिन्यांत बाजूला उड्डाणपूल झाला, गाड्या वरून जायला लागल्या. पैसे विहिरीत टाकावेत तसे टाकले होते, म्हणून ते टाकणंच. 'उपाहारगृह स्थापन केले' म्हणायला पूल व्हायच्या आधीही जीभ रेटली नसती. मेव्हण्याने शहरात दुकान 'थाटलं', आरसे लावून. त्याचं चालतंय. ज्याचं चालतं त्याचं थाटलेलं असतं बघा.

घाटाखालचा
वाईट झालं दादा. टाकण्यावरचा शब्द मागे घेतो. मिसळीची भरपाई मात्र नाही.

ऱ्हस्वदीर्घ
कोणी न विचारता सांगतो, कारण रोज डोळ्यात खुपतं. 'संस्था स्थापन केली' बरोबर. 'संस्थेची स्थापना केली' बरोबर. 'संस्था स्थापना केली' हे कुठल्याच मराठीत बसत नाही. पहिल्यात 'केली' संस्थेमुळे, दुसऱ्यात स्थापनेमुळे. मंडळ असेल तर 'मंडळ स्थापन केले', पण 'मंडळाची स्थापना केली'. गल्लीतल्या दर दुसऱ्या फलकावर हे चुकलेलं असतं, आणि तुम्ही इथे कोळशावर बोलताय.

संत्रानगरी
कोळसा काढणे. बघा, आलं ना क्रियापदावर?

मावळतीमावशी
अरे बाळांनो, गणपती बसतो, घट बसतात, पेठ वसते, संसार मांडतात, मेढ रोवतात, साखर कारखाना उभा करतात. प्रवरेचा कारखाना विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा करून उभा केला. तिथे 'काढला' जरा हलकं वाटतं, पाटीवाला. माझे वडील भागधारक होते, ते 'उभा केला'च म्हणायचे. वेगवेगळे कष्ट, वेगवेगळे शब्द. एकावरच सगळी कामं काय लादायची?

पाटीवाला
मावशी, मी लादत नव्हतो, वाचवत होतो.

शुद्धमती
वाचवायला धोक्यात कोण आहे? बोलण्यात 'काढली' कोणी अडवलेली नाही. मी छापील मजकुराबद्दल बोलत होते. 'उभी केली' लिहा, मी गप्प बसते.

पाटीवाला
उभी काय करणार? पहिली दोन वर्षं शाळा मारुतीच्या देवळात भरत होती. पाऊस आला की मुलं गाभाऱ्यात.

पाटीवाला
(रात्री उशिरा) समितीची बैठक झाली. दोन्ही बाजू मांडल्या, तुमचा खुळाचा मुद्दासुद्धा सांगितला. अध्यक्ष म्हणाले, वाद नको, मी बघतो. आत्ता छापखान्यातून प्रूफ आलंय: 'गावकऱ्यांनी १९२४ साली शाळा स्थापना केली.' उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्ती चालेल.

ऱ्हस्वदीर्घ
मी झोपतो.

शुद्धमती
'काढली' करा. निदान व्याकरण तरी धड आहे.