मीझेनबॉक यांचं काम राहून गेलं

‘प्रकाशाने चेतापेशी (मेंदू आणि नसांमधल्या पेशी) चालवण्याची सुरुवात 2005 मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ कार्ल डायसरॉथ यांच्या प्रयोगशाळेत झाली’ असं म्हटलं जातं, पण ते मला अर्धंच पटतं. शेवाळातल्या चॅनलरोडॉप्सिनमुळे, म्हणजे उजेड पडताच उघडणाऱ्या प्रथिनामुळे, ही पद्धत सोपी आणि वेगवान झाली, म्हणूनच ती जगभर पसरली, यात वाद नाही. पण शास्त्रज्ञ गेरो मीझेनबॉक यांच्या गटाने 2002 मध्येच फळमाशीच्या डोळ्यातली प्रथिनं उंदराच्या चेतापेशींत घालून त्या उजेडाने उद्दीपित केल्या होत्या. त्याला तीन जनुकं लागायची आणि परिणाम संथ असायचा.

मला त्यांचा प्रवास जास्त विलक्षण वाटतो. मूळचे ऑस्ट्रियातले, शिक्षण वैद्यकाचं. न्यूयॉर्कला पेशीशास्त्रज्ञ जेम्स रॉथमन यांच्याकडे असताना, 1998 मध्ये, त्यांनी असं प्रथिन घडवलं की चेतापेशीने संदेशद्रव्य सोडलं की ते उजळतं. म्हणजे आधी प्रकाशाने पेशींचं बोलणं वाचलं, मग प्रकाशानेच त्यांना बोलतं केलं! 2005 मध्ये सहकारी सुझाना लिमा यांच्यासोबत त्यांनी डोकं काढलेल्या फळमाश्यांनासुद्धा लेझरच्या झोताने उडी मारून पंख फडफडवायला लावलं. म्हणजे त्या हालचालीची जोडणी डोक्याबाहेर, छातीतल्या चेतामंडलात शाबूत होती. पुढे ऑक्सफर्डला त्यांनी माशीला झोपवणाऱ्या पेशींचा अभ्यासही अशाच साधनांनी केला.