आईची शुगर पहाटे ५८, दोन मिनिटांनी ६७. कुठला आकडा खरा?

मदत हवी आहे. आई ६९ वर्षांची, नाशिकला एकटी राहते. मधुमेहाला बारा वर्षं झाली. दोन्ही जेवणांआधी एकेक गोळी घेते. पाकिटावर ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज अशी तीन नावं आहेत. परवा एकादशीला दुपारी वाटीभर भगर खाल्ली, रात्री नुसतं कपभर दूध. गोळ्या मात्र दोन्ही वेळा घेतल्या. काही झालं तरी गोळी चुकवायची नाही, हे तिच्या मनात पक्कं बसलंय.

पहाटे साडेतीनला बघते तर घामाने चिंब, हात थरथरताहेत, बोलणं अडखळतंय. नशीब, मी तिथे होते. डाव्या हाताच्या बोटावर ५८ आली. विश्वास बसेना म्हणून उजव्या हातावर घेतली, तर ६७. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी जेमतेम ६८. परत दिली. पाऊण तासाने ९६ दिसली तेव्हा जिवात जीव आला.

मशीन बिघडलंय का? साखर देऊनही इतका वेळ का लागला? आणि मी नसताना तिने काय करायचं?

प्रतिसाद १
ताई, मशीन ठीक वाटतंय. शुगर शंभराच्या खाली असताना घरच्या मीटरचा आकडा लॅबपेक्षा १५ ने इकडेतिकडे असला तरी तो मानकात बसतो. दोन्ही आकडे ७० च्या खालीच आहेत, तेव्हा उपाय तोच. ५४ च्या खाली गेली तर जास्त गंभीर. बोटावर घाम किंवा स्पिरिट राहिलं तर आकडा चुकतो, आणि साखर कालवलेल्या हाताने मोजली तर खोटी जास्त येते. हात धुऊन, कोरडे करून मगच टोचा.

साखर उशिरा लागू पडली त्याचं कारण वोग्लिबोज. ते आतड्यात साखर फुटायला उशीर लावतं. अशा माणसाला साधी साखर, गूळ, पेढा लवकर लागू पडत नाही, थेट ग्लुकोजच द्यावं लागतं. केमिस्टकडची ग्लुकोज पावडर उशाशी ठेवा. १५ ग्रॅम पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माझ्या वडिलांना आम्ही अर्धा तास गूळ भरवत बसलो होतो, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

प्रतिसाद २
ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावतं. उपवासाला गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. क्रिएटिनिनही तपासा, किडनी मंदावली की शुगर अशी उतरू शकते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, लगेच १०८ ला फोन करा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज डॉक्टरांना आकडे दाखवले. रिपोर्ट येईपर्यंत रात्रीची गोळी बंद. पावडर उशाशी ठेवली, शेजारच्या काकूंना घराची किल्ली दिली. पुढच्या एकादशीला उपवास नको म्हटलं, तर आई अजून काही बोललेली नाही.